सुईच्या अग्राएवढा आंस

दाराची बिजागरी कुरकुरली, पाळण्याची कडी वाजूं लागली किंवा शिवणयंत्र जड चालूं लागलें, कीं आपल्या घरांत एकच उपाय सुचतो, आणि तो म्हणजे तेल. त्या त्या ठिकाणीं तो योग्यहि असतो. परंतु हाच उपाय भिंतीवरच्या किल्लीच्या घड्याळापर्यंत पोंचला म्हणजे अनर्थ ओढवतो. घड्याळ मागें पडूं लागलें, कीं घरांतील एखादे उत्साही चिरंजीव स्टुलावर चढतात, यंत्र खालीं उतरवितात आणि खोबरेलांत बुडविलेलें पीस आंतील सर्व चाकांवरून फिरवितात. पुढें कांहीं महिने घड्याळ खरोखरच बरें चालतें व चिरंजीवांचें कौतुक होतें. मग पौष महिना येतो. खोबरेल सुमारें २४ अंश उष्णतेच्या खालीं थिजूं लागतें, हें न्हाणीघरांतील बाटलीवरून प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. पण तेंच तेल घड्याळांतहि थिजेल हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एके दिवशीं पहाटे घड्याळ थांबतें, आणि "फार जुनें झालें, आतां काढून टाका" असा निकाल दिला जातो. वास्तविक त्या घड्याळाचें वय झालेलें नसतें. त्याच्यावर नको तो उपचार झालेला असतो.

तेलावरील ही श्रद्धा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिला शास्त्राधारहि आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, काळीं येणारा मृत्यु व अकाळीं येणारा मृत्यु यांतील भेद काय, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. त्यावर भगवान् आत्रेय गाडीच्या अक्षाचा दृष्टांत देतात. अक्ष म्हणजेच आपला आंख किंवा आंस. उत्तम लांकडाचा, नीट घडविलेला आंस रोजच्या वापरानें आपल्या प्रमाणानें झिजत झिजत योग्य काळींच संपतो. पण अतिभारानें, खांचखळग्यांच्या वाटेनें, खीळ निसटल्यानें किंवा वंगण न मिळाल्यानें तो मध्येंच मोडतो. मनुष्याच्या आयुष्याचेंहि तसेंच, असें तेथील प्रतिपादन आहे. सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांनाहि वंगण दिलेल्या आंसाचीच उपमा योजिली आहे. झीज ही टाळतां येत नाहीं, परंतु तिची गति आपल्या हातीं असते, हा विचार इतक्या स्वच्छपणें मांडलेला पाहून मला नेहमींच आनंद वाटतो.

परंतु चरकाचा आंस गाडीचा आहे. गाडीच्या चाकाच्या तुंब्यांत आंस फिरतो तेव्हां तेथें वंगण भरपूर असावें लागतें. त्यांतील कांहीं गळून जातें, कांहीं धुळीशीं मिसळून काळें होतें. गाडीवान पुन्हां नवें घालतो. मोठ्या यंत्रांतहि प्रकार हाच. जलद फिरणारा जाड आंस तेलाला आपल्याबरोबर ओढून घेतो व अखेर त्या तेलाच्या थरावरच तरंगूं लागतो, त्यामुळें लोखंडाला लोखंड लागतच नाहीं. आंस ज्यावर टेकून फिरतो त्या भागास पारिभाषिक मराठींत धारवा म्हणतात. कारखान्यांत व सायकलच्या दुकानांत त्याला बेअरिंग म्हणतात, व आपणहि तोच शब्द वापरूं.

आतां हातघड्याळांतील बॅलन्सच्या चाकाचा आंस पाहावा. त्याच्या टोंकाची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे डोक्याच्या केसाहून फारशी अधिक नाहीं. हें चाक जुन्या पद्धतीच्या घड्याळांत ताशीं १८,००० वेळां हेलकावतें. दिवसाचे हेलकावे ४,३२,००० होतात आणि वर्षाचे १५ कोटी ७६ लक्ष ८० हजार! इतक्या हेलकाव्यांना पुरणारें तेल किती, तर सुईच्या अग्रावर कसेंबसें दिसेल एवढा एक थेंब. तो चार-पांच वर्षें तेथेंच राहिला पाहिजे, कारण मध्यंतरीं त्यांत भर घालणारा कोणी गाडीवान नाहीं. येथें तेलावर तरंगण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. वेग बेताचा आणि चाक क्षणोक्षणीं दिशा पालटणारें. धातूच्या पृष्ठभागास चिकटून राहिलेला जो अत्यंत पातळ थर, तोच काय तो झीज थांबवितो. त्याहून अधिक असलेलें तेल केवळ ओझें होय. बैलाला तेलाचा चिकटपणा जाणवत नाहीं. पण केसासारख्या कमानीच्या जोरावर हलणाऱ्या चाकाला तो चिखलांतून चालण्यासारखा जाणवतो.

अधिक तेल घातल्यानें आणखीहि एक विचित्र गोष्ट घडते, आणि ती प्रथमदर्शनीं खरी वाटत नाहीं. तेल जास्त घातलें तर बेअरिंग कोरडें पडतें! याचें कारण आपल्या निरांजनांतच आहे. वातीच्या तंतूंमधील बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतें, कारण द्रव पदार्थ नेहमीं अरुंद जागेकडे ओढला जातो. घड्याळांत ह्याच ओढीचा उपयोग करून घेतलेला असतो. आंसाच्या टोंकाभोंवतीं पट्टीला एक उथळ, वाटीसारखी खळगी कोरलेली असते. अठराव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें राहिलेल्या हेन्री सली नांवाच्या इंग्रज घड्याळकारास या खळगीच्या युक्तीचें श्रेय देतात. खळगी मध्याकडे अरुंद होत जाते, म्हणून थेंब कडेला न पसरतां टोंकाशींच गोळा होऊन बसतो. मात्र थेंब खळगीपेक्षां मोठा झाला व त्याची कड सपाट पट्टीवर गेली, कीं दुसरीकडची एखादी फट त्याला खेंचूं लागते, आणि मग कडेचेंच नव्हे तर मधलें तेलहि तिकडे वाहून जातें. उत्साही चिरंजीवांच्या पिसानें नेमकें हेंच होतें. १९२० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील पॉल वूग या संशोधकानें तेल पसरूं नये म्हणून खळगीभोंवतालच्या पृष्ठभागाला एक अदृश्य लेप देण्याची रीत शोधून काढली. कमळाच्या पानावर पाणी पसरत नाहीं, तसें त्या लेपावर तेल पसरत नाहीं. आजहि उंची घड्याळांत हा लेप देतात.

बरें, तें तेल कोणतें? येथें सोंवळ्याओंवळ्याचा विचार करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनीं कान झांकून घ्यावे. एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्याहि बऱ्याच भागांत उत्तम घड्याळांना जें तेल लागे, तें समुद्रांतील शिशुक जातीच्या प्राण्यांच्या जबड्यांतून व लहान देवमाशांच्या डोक्यांतून काढलेलें असे. अमेरिकेंतील न्यू बेडफर्ड हें बंदर त्यासाठीं प्रसिद्ध होतें व तेथील विल्यम नाय यांचें तेल जगभर जात असे. तें कडक थंडींत ठेवून, त्यांतील थिजणारा अंश गाळून काढीत. राहील तें तेल हिंवाळ्यांतहि पातळ राही. देवघरासमोर टांगलेल्या किती तरी जुन्या घड्याळांत हें मत्स्यजन्य तेल असेल! पुढें देवमाशांची बेसुमार हत्या पाहून १९७० च्या सुमारास अमेरिकेनें त्यांच्या तेलाला बंदी केली, आणि तोंवर रसायनशाळेंत तयार झालेलीं तेलें पुढें आलींच होतीं. आतां घड्याळजी वापरतात तीं बहुतेक कृत्रिम तेलें होत. तीं थिजत नाहींत, आंबत नाहींत व वर्षानुवर्षें राळेसारखीं घट्ट होत नाहींत. आपलीं वनस्पतिज तेलें स्वयंपाकाला अमृत असलीं तरी या कामीं निरुपयोगी, कारण हवेंतील प्राणवायु शोषून तीं चिकट होतात. तेलाच्या बरणीच्या बाहेरील चिकट पुटास बोट लावून पाहिल्यास खात्री पटेल. शिवणयंत्राचें तेल अतिशय पातळ असल्यामुळें लहान टोंकापाशीं टिकतच नाहीं.

तेलाचा हा सगळा जाच पाहून एका सुताराच्या मुलानें ठरविलें कीं तेल मुळीं घालायचेंच नाहीं. हा जॉन हॅरिसन. याचा जन्म १६९३ सालीं इंग्लंडांत यॉर्कशायरमध्यें झाला. १७२२ च्या सुमारास त्यानें ब्रॉकल्स्बी येथील तबेल्याच्या मनोऱ्यावर एक लांकडी घड्याळ बसविलें. त्यांतील बेअरिंगें लिग्नम व्हायटी नांवाच्या लांकडाचीं आहेत. हें लांकूड इतकें जड असतें कीं पाण्यांत बुडतें, आणि त्याच्या अंगांतच स्निग्ध राळ असते. वंगण बाहेरून द्यावें लागत नाहीं. तें घड्याळ आजतागायत चालत आलें आहे. पुढें १७१४ च्या कायद्यानें इंग्लंडच्या पार्लमेंटनें लावलेलें २०,००० पौंडांचें बक्षीस मिळविण्यासाठीं, म्हणजे भरसमुद्रांत रेखांश सांगणारें घड्याळ करण्यासाठीं, त्यानें आयुष्य वेंचलें. पहिल्या तीन मोठ्या यंत्रांत त्यानें घर्षण कमी करण्यासाठीं फिरत्या रुळांची योजना केली. तिसऱ्या यंत्रावर तर एकोणीस वर्षें घालविलीं. आणि शेवटीं १७५९ सालीं जें घड्याळ पुरें झालें, तें तळहातावर मावणारें मोठें खिशांतलें घड्याळ होतें, त्यांत रत्नें होतीं आणि तेलहि होतें! १७६१-६२ सालच्या जमेकाच्या सफरींत तें ८१ दिवसांत अवघें ५ सेकंद मागें पडलें. यंत्र लहान झालें कीं लांकूड व रूळ पुरत नाहींत, तेथें कठीण खडा व थेंबभर तेल यांवांचून गति नाहीं, असें तेल न वापरण्याचा हट्ट धरणाऱ्या या माणसाच्याच हातून सिद्ध झालें.

खड्याची युक्ति हॅरिसनची नव्हे. न्यूटनचा स्नेही निकोलस फातिओ हा स्विस गणिती लंडनमध्यें राहत होता. माणकासारख्या कठीण खड्याला आरपार बारीक भोंक पाडून त्यांत घड्याळाचा आंस बसविण्याची कला त्यानें साधली आणि देबोफ्रे बंधूंसह १७०४ सालीं तिचा मक्ता मिळविला. मक्त्याची मुदत वाढवून घेण्यासाठीं ते पार्लमेंटकडे गेले, तेव्हां लंडनच्या घड्याळकारांच्या संघानें विरोध केला, आणि ही कल्पना नवी नाहीं हें दाखविण्यास इग्नेशियस हगफर्ड याचें एक जुनें घड्याळ पुढें केलें, ज्यांत खडा दिसत होता. अर्ज फेंटाळला गेला. पुढें कधीं तरी तें घड्याळ नीट तपासलें, तेव्हां असें आढळलें कीं तो खडा केवळ शोभेचा असून आंसाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता! पुरावा डोळ्यांनीं पाहिला म्हणजे तपासला असें होत नाहीं, ही गोष्ट वकिलांच्या घरांतून तरी अवश्य सांगितली जावी.

घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्युएल्स' असें लिहिलेलें आपण सर्वांनीं वाचलें आहे. एच्.एम्.टी.च्या 'जनता' घड्याळावरहि तो आंकडा असे. तीं सतरा रत्नें कोठें असतात हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. बॅलन्सच्या आंसाला दोन्ही टोंकांस भोंक पाडलेला एक व वरून झांकणारा एक असे चार; बॅलन्सला धक्का घेणारा एक; काट्यासारख्या तरफेच्या दोन दातांचे दोन; आणि त्या तरफेचा आंस व चार चाकांचे आंस मिळून दहा. खडा कठीण असल्यानें झिजत नाहीं आणि त्याला आरशासारखी झिलई देतां येते, एवढेंच त्याचें महत्त्व. किंमत म्हणाल तर अगदीं थोडी. १९०२ सालीं व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ॲल्युमिनियमच्या भस्माची बारीक पूड ज्वालेंतून पाडून कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून घड्याळांतील माणकें कारखान्यांतलींच असतात. आजोबांच्या घड्याळांतील माणकें काढून सुनेच्या कुड्यांत बसविण्याचा बेत कोणी करीत असल्यास तो सोडून द्यावा.

माणिक आणि नीलमणि हे एकाच खनिजाचे दोन रंग आहेत. संस्कृतांत कुरुविंद हा शब्द आहेच, व इंग्रजींतील त्या खनिजाचें नांवहि तमिळ कुरुंदावरून गेलेलें आहे. हें सांगण्याचें कारण असें कीं विजेच्या जुन्या मीटरांत ह्याच जातीचा एक खडा असे, आणि त्या मसुराएवढ्या खड्यावर घरोघरच्या बिलाचा खरेंखोटेंपणा अवलंबून होता.

दाराच्या वर बसविलेलें, कांचेच्या खिडकींतून हळूहळू फिरणारी चकती दाखविणारें तें मीटर आतां बहुतेक ठिकाणांहून गेलें आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ सालच्या नियमांनीं ग्राहकांचीं मीटरें फिरत्या भागांशिवाय असावीं असें ठरल्यापासून त्याचे दिवस भरत आले. कोठें जुन्या वाड्यांत पोटभाडेकऱ्यांच्या किंवा भावाभावांच्या वाटणीसाठीं लावलेलीं अशीं मीटरें अजूनहि दिसतात. त्याची रचना मोठी सुंदर असे. ॲल्युमिनियमची पातळ चकती एका उभ्या आंसावर बसविलेली. दोन विद्युच्चुंबक तिला फिरवितात, एक कायमचा चुंबक तिला आंवरून धरतो, आणि या ओढाताणींत तिचा वेग घरांत जळणाऱ्या विजेच्या बरोबर प्रमाणांत राहतो. आंसाचें खालचें पोलादी टोंक नीलमण्याच्या एका वाटींत टेकलेलें असे. चकती ॲल्युमिनियमची आणि तिचें आसनहि ॲल्युमिनियमच्याच भस्माचें, हा योग मला नेहमींच गमतीचा वाटतो.

आतां या टोंकावरील भार पाहा. चकती व आंस मिळून १५ ग्रॅम वजन आहे, आणि गोलसर टोंक वाटीला जेथें टेकतें ती जागा मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी रुंद आहे, असें धरलें, तर दर चौरस सेंटिमीटरला पडणारा दाब पावणेपांच हजार किलोंच्या घरांत जातो. सव्वा तोळ्याच्या वजनानें हा पराक्रम करावा! जागा इतकी लहान ठेवण्याचें कारणहि उघड आहे. जातें फिरवितांना खुंटा मध्याजवळ असला तर फिरवणें जड जातें, कारण तरफ लहान पडते. घर्षणाचेंहि तसेंच, तें जितकें मध्याजवळ घडेल तितकी चकतीला अडविण्याची त्याची शक्ति कमी. म्हणून टोंक शक्य तितकें निमुळतें.

पण एवढ्या दाबाखालीं, आणि विजेच्या प्रवाहामुळें सेकंदाला शंभर वेळां थरथरत, तें टोंक वर्षानुवर्षें राहणार. पोलादाचे अदृश्य कण निघतात व हवेनें गंजून तांबूस पूड होते. लोखंडाची ही तांबडी पूड म्हणजे सराफ झिलईसाठीं वापरतात तीच. म्हणजे टोंक आपल्याच झिजेनें स्वतःला घांसूं लागतें. वाटींत तेलाचा सूक्ष्म अंश ठेवला तर हवा टोंकापर्यंत पोंचत नाहीं व हा गंज पुष्कळ लांबतो. तेल सुकलें कीं टोंक बोथट होतें, टेकण्याची जागा रुंदावते, आणि घर्षणाची तरफ लांब होते.

मग मीटर काय करतें? "मीटर धांवतें आहे, त्याला तपासा," ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. परंतु झिजलेलें बेअरिंग मीटरला कधींहि धांवायला लावीत नाहीं. तें त्याला मंद करतें. आणि मंदहि सारखेंच करीत नाहीं. पंखे, इस्त्री, पाणी तापविण्याचें यंत्र सगळें चालूं असतां चकतीला फिरविणारा जोर मोठा असतो, त्यापुढें घर्षण नगण्य. पण रात्रीं एकच लहान दिवा जळत असतां तो जोर घर्षणाशींच बरोबरी करूं लागतो. एका युनिटला ६०० फेरे घेणारें मीटर १० वॅटच्या दिव्यावर दहा मिनिटांत एक फेरा करतें. इतक्या मंद गतीच्या वस्तूला थांबवायला कितीसें बळ लागणार? आपल्याकडे रात्रीच्या लहान दिव्याला 'झिरोचा दिवा' म्हणतात, व त्याला वीज लागत नाहीं अशी समजूत कित्येक घरांत होती. प्रत्यक्षांत तो १५ वॅटच्या आसपास वीज घेतो. थकलेल्या मीटरावर मात्र तो खरोखरच शून्य ठरत असे.

मीटर करणाऱ्यांनाहि हें माहीत होतें. म्हणून ते घर्षणाच्या भरपाईपुरता किंचित् जास्तीचा जोर चकतीला आरंभींच देऊन ठेवीत. हा जोर थोडा अधिक झाला तर घरांत कांहींच चालूं नसतांहि चकती सरकूं लागे. तें टाळण्यासाठीं चकतीला समोरासमोर दोन भोंकें पाडलेलीं असत. भोंक चुंबकाखालीं आलें कीं रिकामी चकती तेथें अडून राही.

एका पेठेंतील वाड्यांत दोन सख्खे भाऊ शेजारीं शेजारीं राहत. मुख्य मीटर वडिलांच्या नांवें, आणि आंत दोघांचीं दोन पोटमीटरें. महिन्याच्या शेवटीं दोहोंची बेरीज मुख्य मीटरापेक्षां सात-आठ युनिटांनीं कमी भरे. रक्कम क्षुल्लक, परंतु दर महिन्याला तीच तूट, म्हणजे कोणी तरी मुख्य तारेवरून वीज घेत असलें पाहिजे, असा तर्क निघाला. प्रथम तो स्वयंपाकघरांत कुजबुजला गेला, मग माजघरांत बोलला गेला, आणि पुढें एका वर्षीं गौरींचें जेवणहि वेगवेगळें झालें. माझा एक जुना विद्यार्थी मीटर तपासण्याचें काम करीत असे. त्याला मीं तेथें नेलें. त्यानें थोरल्यांकडील सर्व दिवे मालवून एकच ६० वॅटचा दिवा लावला. ६०० फेऱ्यांच्या त्या मीटरानें शंभर सेकंदांत एक फेरा करावयास हवा होता, लागले १३०. नंतर हजार वॅटची शेगडी लावली. दहा फेऱ्यांना ६० सेकंदांऐवजीं ६१ लागले, म्हणजे जवळजवळ बरोबर. याचा अर्थ असा कीं सुमारें १४ वॅटचा जोर केवळ घर्षणांत खर्च होत होता. थोरल्यांकडे दोघेंच वृद्ध, दिवसभर एक पंखा व एखादा दिवा. रोज अठरा-एक तास चौदा वॅट गणतींतून सुटले तर महिन्याला साडेसात युनिटें होतात! मीटर उघडून भिंगाखालीं पाहिलें, तर टोंक कुळथासारखें चपटें झालेलें, वाटीला ओरखडा, आणि तळाशीं ती तांबूस पूड. थोरले बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग वही काढून गेल्या वर्षांचा हिशेब मांडूं लागले. धाकटे म्हणाले, "दादा, वही ठेवा ती. चहा निवतोय." वहिनींनीं चहा पुन्हां गरम करून आणला, एवढें मला आठवतें.

हीं जुनीं मीटरें काढून जेथें नवीं बसलीं, तेथें बिल वाढल्याची ओरड झाली व नवें मीटर लबाड ठरलें. प्रत्येक ठिकाणीं काय घडलें हें तपासाशिवाय सांगतां येणार नाहीं, आणि नव्या मीटराविषयीं शंका असल्यास त्याची तपासणी मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. पण फिरता भागच नसलेल्या मीटराला रात्रीचा लहान दिवाहि दिसतो, ही गोष्ट हिशेबांत धरली पाहिजे. एवढ्यासाठींच परदेशांत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चकती चुंबकाच्या जोरावर अधांतरीं धरण्याची युक्ति निघाली होती. टेकणेंच नाहीं, तर झिजणार काय?

सगळींच सूक्ष्म यंत्रें तेल मागतात असेंहि नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतील प्रवाहमापकाचा कांटा ज्या टोंकांवर डोलतो तीं कोरडींच ठेवावीं लागतात. तेथें जोर इतका अल्प कीं तेलाचा चिकटपणाच कांट्याला खोटें बोलायला लावील, शिवाय धूळ चिकटेल ती वेगळीच. नळाच्या पाण्याच्या मीटरांत तर पाणी हेंच वंगण. तर्कसंग्रहांत स्नेह हा गुण फक्त पाण्याचा मानला आहे, आणि तेलांतील स्नेहहि त्यांतील जलांशाचा, असें नैयायिक म्हणतात. विद्यार्थीदशेंत मला तें चमत्कारिक वाटे. पाण्याच्या मीटराचें उघडलेलें पोट पाहिल्यापासून मी नैयायिकांना हंसत नाहीं. त्याचा शत्रु मात्र वाळूचा कण. तो टोंकाखालीं गेला कीं हें मीटरहि विजेच्या मीटराप्रमाणेंच मंद होतें.

घरांत किल्लीचें घड्याळ असेल त्यांनीं तें भिंतीवर अगदीं सरळ टांगावें, झांकण घट्ट ठेवावें, आणि चार-पांच वर्षांनीं जाणत्या घड्याळजीकडे द्यावें. त्याला तेल घालायला सांगूं नये, उघडून धुवायला सांगावें. जुनें तेल व त्यांतली धूळ पूर्ण निघाल्याशिवाय नवा थेंब घातल्यास त्या दोहोंची मिळून उटीच तयार होते. थेंब घालायचा तो आंसाच्या टोंकांना. चाकांच्या दातांना तेल नाहीं, लंबकाच्या कमानीला नाहीं. दात कोरडेच एकमेकांवरून जावेत. मोठ्या कमानीला निराळें, दाट वंगण लागतें. काम झाल्यावर घड्याळ घरीं आणण्यापूर्वीं उजेडांत धरून पाहावें. प्रत्येक टोंकाच्या खळगींत तेल अर्ध्याहून थोडें अधिक भरलेलें, कडेपासून अलग, चकाकतांना दिसलें तर पैसे द्यावेत. पितळेच्या पट्टीवर तें ओघळलेलें दिसलें तर घड्याळ तसेंच परत त्याच्या हातीं द्यावें.